गाजराच्या शेतात तैवानची फॅक्टरी

हे किकुयो. जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतातलं छोटं गाव, गाजरांसाठी प्रसिद्ध. आणि शेतांच्या शेजारी ही जी अवाढव्य बिल्डिंग दिसतेय ना, ती चिपची फॅक्टरी आहे, सोनी आणि गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या डेन्सोचा हिस्सा आहे त्यात, पण खरा मालक तैवानचा, टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं, आणि जपान सरकारने ४७६ अब्ज येनपर्यंत सबसिडी कबूल केली, म्हणजे अक्षरशः पायघड्याच घातल्या.

आता गंमत बघा. कानामे आकामात्सु या जपानी अर्थतज्ज्ञाने १९३० च्या दशकात उडत्या हंसांची थिअरी मांडली होती, म्हणजे पुढचा देश वर चढतो आणि जुने उद्योग मागच्या देशांकडे सरकतात, हंसांच्या थव्यासारखं. पुढे ती सगळ्या आशियाला लावली गेली: सगळ्यात पुढे जपान, मागे कोरिया, तैवान, त्यांच्या मागे थायलंड, मलेशिया. बरीच वर्षं चाललंही तसंच. १९८५ च्या प्लाझा करारानंतर, म्हणजे डॉलर स्वस्त करायला मोठ्या देशांनी केलेल्या करारानंतर, येन महागला आणि जपानी कंपन्यांनी धडाधड आग्नेय आशियात कारखाने काढले.

चिपमध्ये तर १९८८ च्या सुमारास जगातली निम्मी विक्री जपानची, क्युशूला सिलिकॉन आयलंड म्हणायचे! मग काय झालं? १९८६ च्या चिप-व्यापाराच्या करारात अमेरिकेने जपानचे हात बांधले हे खरंय, मेमरी चिपमध्ये कोरियाची सॅमसंग पुढे गेली, पण माझ्या मते खरं दुखणं घरातलंच, सगळं आपल्याच कंपनीत बनवायचा हट्ट. आणि तिकडे १९८७ मध्ये सुरू झालेली टीएसएमसी म्हणत होती, डिझाइन तुमचं, आम्ही फक्त बनवून देतो. आज जपानचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास.

किकुयोच्या या फॅक्टरीत फ्रेश ग्रॅज्युएटला महिना २,८०,००० येन ऑफर झाले आणि आसपासच्या कंपन्यांचे धाबे दणाणले, कारण जपानात पगार जवळपास तीस वर्षं जागचे हललेच नव्हते. दोन्ही देशांतल्या किमतींचा फरक धरून मोजलं तर सरासरी पगारात कोरियासुद्धा पुढे गेलाय.

बाकी म्हातारा जपान वगैरे म्हणण्याआधी शेजारी बघा, २०२३ मध्ये जपानचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.२०, कोरियाचा ०.७२, तैवानही एकच्या खाली. उद्याचे इंजिनिअर कुणाकडेच पुरेसे नाहीत.

गावात मात्र चर्चा वेगळीच: जमिनीचे वाढलेले भाव, ट्रॅफिक, आणि पाणी. कुमामोतो शहर पूर्ण भूजलावर जगतं आणि चिपला पाणी लागतं भरपूर. म्हणून कंपनी इथल्या शेतकऱ्यांशी ठरवून, पीक नसताना भातखाचरं पाण्याने भरून ठेवते, ते पाणी जमिनीत मुरतं. सोनीने आपल्या इथल्या जुन्या फॅक्टरीसाठी हे २००३ पासूनच सुरू केलं होतं.