वेंडी दिवा मोठा करते

(दृश्य: गोव्यातलं माशेल. देवकीकृष्णाच्या देवळासमोरचं मैदान. धो धो पाऊस.)

आषाढी एकादशी काल झाली. आज माशेलात चिखलकालो. अंगाला तेल चोपडलेले बाप्ये आणि पोरं एकाच चिखलात लोळतायत. कृष्णाच्या बाळपणीचे खेळ खेळायला इथे वयाची अट नाही. खेळ आटोपला की आंघोळ करून सगळे आपापल्या घरी जातील.

पीटर पॅनला मात्र घर नाही. जे. एम. बॅरी यांचा हा मुलगा १९०४ साली लंडनच्या रंगमंचावर उडाला, १९११ मध्ये कादंबरीत आला. कधीच मोठा होत नाही म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण कादंबरी नीट वाचा. पीटर सगळं विसरतो. ज्याच्याशी जिवावर उदार होऊन लढला, तो चाच्यांचा कप्तान हुक कोण, हेही त्याला आठवत नाही. लहानपणी त्याच्याबरोबर उडून गेलेली मुलगी म्हणजे वेंडी. पुढे कधीतरी तो तिला न्यायला येतो, तेव्हा ती एका मुलीची आई झालेली असते. खोलीत शेकोटीचाच काय तो उजेड. आपलं वाढलेलं वय त्याला दिसू नये म्हणून ती अंग चोरून बसते. मग तीच दिवा मोठा करते. पीटर तिला बघतो आणि कळवळून ओरडतो.

या गोष्टीत सगळ्यांत शूर कोण असेल, तर ती वेंडी.

फिलिप पुलमन यांच्या कादंबऱ्यांत माणसाचा जीव प्राण्याचं रूप घेऊन सोबत वावरतो. मुलांचा सोबती घडीत पाखरू, घडीत मांजर. वयात आलं की एकच रूप कायमचं. एक खलाशी या कादंबऱ्यांच्या नायिकेला, लायराला सांगतो, कुणाचा तरी सोबती डॉल्फिन झाला, तर त्याला जमिनीवर पाय ठेवता येईना! लायरा स्वतः सत्य सांगणारं यंत्र लहानपणी सहज वाचते. मोठी होते आणि ती हातोटी जाते. आता ग्रंथ घेऊन, वर्षानुवर्षं अभ्यास करून तेच पुन्हा शिकायचं. लेखकाने मुलांपासून हे लपवलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

(दृश्य: गावची शीव. तिन्हीसांजा.)

गोव्यातल्या मुलांना अद्भुत भेटतं ते पुस्तकाआधी, आजीच्या तोंडून. देवचार, म्हणजे गावाचा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, रात्री शिवेवरून फेरी. वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा. त्याच्या भरवशावर मूल काळोखात पाऊल टाकतं. मोठेपणी ही गोष्ट मागे पडत नाही, तिच्यातलं काम अंगावर येतं. राखणदाराला रोट कधी द्यायचा, कुठल्या झाडाखाली द्यायचा, हे आजीनंतर लक्षात ठेवायची पाळी आता त्या मुलाची.