कोलंबियाच्या अल्याड-पल्याड

(दृश्य: सकाळचं धुकं. पुलाचे हिरवे लोखंडी मनोरे.)

घंटा वाजते. दांडा खाली येतो, आणि मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत धावणारा आय-फाइव्ह महामार्ग चक्क थांबतो. मनोऱ्यांमधला रस्ता सरळ वर उचलला जातो. खालून एक टगबोट बार्ज ढकलत निवांत निघून जाते. वर रांगेतल्या गाड्यांचे चालक एकेक करून इंजिन बंद करतात.

कोलंबिया नदीवरचा हा पूल १९१७ चा, त्याचा शेजारी १९५८ चा. पाया म्हणजे तळातल्या वाळूत ठोकलेले लाकडी खांब. यावरून रोज सव्वा लाखाहून जास्त गाड्या जातात.

उत्तरेला व्हँकूव्हर. कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टन राज्यातलं. दक्षिणेला ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड. हवा एक, पाऊस एक, दोन्हीकडून दिसणारा माउंट हूडही एकच. तरी इथे घर शोधणारा प्रत्येक जण विचारतो, राहायला कुठलं राज्य बरं? पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोकडे संगणकाच्या चिपच्या कारखान्यांत नोकरीला आलेली मराठी घरंही त्यातलीच. हिशेब कागदावर मांडला जातो, आणि तो बहुधा करांचाच असतो.

(दृश्य: हेडन बेटावरचा वाहनतळ. नंबरप्लेटांवरून सरकणारा कॅमेरा.)

वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही. ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही. म्हणून व्हँकूव्हरला राहायचं आणि टीव्ही घ्यायला पूल ओलांडायचा. पुलाच्या दक्षिण टोकाशी दुकानांची ही गर्दी उगाच नाही. प्लेटा बघा: वॉशिंग्टन, वॉशिंग्टन, ओरेगॉन, पुन्हा वॉशिंग्टन. नियमाने त्यांनी घरी जाऊन वापरकर, म्हणजे बाहेरून आणलेल्या वस्तूवर वॉशिंग्टनच्या विक्रीकराएवढा कर, भरायचा असतो. किती जण भरतात, ते या वाहनतळाला विचारू नये.

मात्र नोकरी पोर्टलंडात असेल तर पलीकडे राहूनही ओरेगॉनचा आयकर चुकत नाही. मध्यम पगारालाही त्याचा दर पावणेनऊ टक्क्यांपर्यंत जातो. कर इकडे, मत तिकडे. व्हँकूव्हरकर हे हसत सांगतात, पण फार हसत नाहीत.

(दृश्य: ओरेगॉनमधलं, शीतपेयांचे रिकामे डबे परत घेण्याचं केंद्र. यंत्राचं गोल तोंड. डब्याचं झाकण, अगदी जवळून.)

आता हे झाकण पाहा. उघडायच्या कडीशेजारी बारीक अक्षरं उमटवलेली आहेत: ओआर, म्हणजे ओरेगॉन, दहा सेंट. डबा यंत्राच्या तोंडात सरकवायचा. आत तो गोल फिरतो, यंत्र बारकोडची पट्टी वाचतं, कडकड आवाज करत त्याला चेपतं आणि पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो.

याची सुरुवात एका वैतागलेल्या माणसापासून झाली. रिचर्ड चेंबर्स लाकूडकटाईच्या यंत्रांचे विक्रेते होते. किनाऱ्यावर फिरायला जायचे आणि वाळूतल्या बाटल्या-डबे वेचून आणायचे. १९६८ साली त्यांनी सरळ आमदाराला फोन लावला. पहिलं विधेयक १९६९ मध्ये पडलं. बाटल्या आणि डबे बनवणाऱ्या कंपन्यांनी जोर लावला होता. राज्यपाल टॉम मॅकॉल मागे उभे राहिले आणि १९७१ मध्ये कायदा झाला. बिअर आणि शीतपेयांच्या प्रत्येक डब्यावर पाच सेंट अनामत. रिकामा आणून द्या, पैसे घेऊन जा. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा. पुढे पाण्याच्या बाटल्या आल्या, मग रस आणि चहा-कॉफी. सलग दोन वर्षं परतीचं प्रमाण ८० टक्क्यांखाली गेलं, तेव्हा २०१७ मध्ये पाचाचे दहा सेंट झाले. आपल्याकडे सोड्याची बाटली दुकानदाराला परत करून पैसे घेतलेल्यांना हे नवं नाही. इथे मात्र त्याचा कायदा झाला आणि पन्नास वर्षं टिकला.

(दृश्य: ढकलगाडीवर डब्यांच्या चार काळ्या पिशव्या. ती ओढणारे हात. निवेदन थांबते.)

वॉशिंग्टनच्या मतदारांपुढे असाच प्रस्ताव ओरेगॉनच्याही आधी, १९७० साली आला होता. त्यांनी तो फेटाळला.

(दृश्य: एक्स्पो सेंटर, पिवळ्या मार्गाचं शेवटचं स्टेशन. ट्रेन येते, रिकामी होते, उलटी निघते.)

पोर्टलंडची लाइट रेल, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, इथे संपते. पुढे थोडं चाललं की नदी. ही रेल्वे व्हँकूव्हरला न्यायची म्हणून १९९५ मध्ये तिथल्या क्लार्क काउंटीत मतदान झालं. लोक नाही म्हणाले. रेल्वेसकट नव्या पुलाची योजना २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटात अडकली आणि मेली. आता पुन्हा नव्या पुलाचं चाललं आहे, त्यातही रेल्वे आहे. तोवर व्हँकूव्हरकर गाडीत बसून दांडा वर जायची वाट पाहतात.

ओरेगॉनची भिस्त आयकरावर, त्यामुळे मंदी आली की शाळांना झळ बसते. हेही हिशेबात धरायला हवं.

(दृश्य: व्हँकूव्हरची एक निवासी गल्ली. निळ्या झाकणांच्या कचरापेट्या. ट्रकचा यांत्रिक हात.)

कचऱ्याचा ट्रक येतो, पेटी उचलतो, पालथी करतो. खळखळत डबे आत पडतात. एक सुटून रस्त्यावर घरंगळतो आणि गटाराच्या जाळीपाशी थांबतो. झाकण वर. ओआर, दहा सेंट.