घागरीखालचा पाऊस

(दृश्य: आखाजीची सकाळ. ओट्यावर मातीची कोरी घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी.)

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. माहेरवाशिणी झोक्यावर रमल्यात, पण आजीचं लक्ष घागरीच्या बुडाशी आहे. घागर पितरांची. तिच्याखाली शेतातली चार ढेकळं: आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. पाझरून जे ढेकूळ जास्त भिजेल, त्या महिन्यात पाऊस जास्त.

(जवळून: आजी एकेक ढेकूळ बोटाने दाबून बघते.)

श्रावण बोट लावताच फुटतो. आषाढाला नुसता ओला डाग.

"आषाढ कोरडाच शे," आजी म्हणते. कपाशीच्या बियाण्याचा हिशेब मांडून बसलेला तिचा मुलगा मान वर करतो.

खरं तर कोरी घागर सगळीकडून सारखी पाझरत नाही. कुठे भाजणी कमी, कुठे ओटाच तिरपा. पण सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं, सालही आखाजीलाच ठरतं, विहिरीने तळ गाठलेला असतो आणि मृग महिन्यावर आलेला. अशा वेळी माणूस कुणाला तरी विचारणारच. मग पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं. म्हैस किंवा बेडूक असला तर हायसं वाटतं, गाढव निघालं की तोंडं उतरतात. एवढं करूनही पाऊस दडी मारून बसला, तर पोरं अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून 'धोंड्या धोंड्या पाणी दे' म्हणत दारोदार फिरतात.

आडवी मांजर, दाराला लिंबू-मिरची हेही इथे आहेच. ते कुठे नाही?

(दृश्य: सातपुड्याची रांग, संध्याकाळ.)

एका समजुतीला मात्र कौतुकाने बघता येत नाही. सातपुड्यातल्या काही पाड्यांवर माणसं आजारी पडली, गुरं दगावली, की एखाद्या बाईवर डाकीण असल्याचा आळ येतो. मारहाण होते, गाव सोडावं लागतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरवलाय. ढेकळांनी कधी कुणाला घराबाहेर काढलं नाही. दोन्हींना एकच 'अंधश्रद्धा' हा शब्द लावताना म्हणूनच जीभ अडखळते.

(दृश्य: पुन्हा ओटा.)

हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाजही एप्रिलातच येतो. नातू तो मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवतो: देशात सरासरीच्या इतके टक्के. आजी सगळं ऐकून घेते.

"त्यामा आषाढनं काय लिखेल शे?"