कोरड्या मुलखातली ओल

मराठवाडा म्हणलं की लोकांना टँकर आठवतो, दुष्काळ आठवतो. ओल कुणालाच आठवत नाही. आता ही लातूरमधली भाड्याची खोली बघा, कपाट नुसतं सरकवलंय, तर मागं हे बुरशीचे काळे-हिरवे ठिपके, पुट्टीचे पोपडे सुटलेले आणि कुबट वास, कॅमेऱ्यातून वास येत नाही म्हणून बरं.

एवढ्या कोरड्या भागात ओल येते कुठून, तर निम्मी आपणच आणतो. ह्या शहराला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं नळ आला की सापडेल ते भांडं भरायचं ही सवय हाडात मुरलीय. टिपाडं, ड्रम, घागरी सगळं घरातच, निम्म्याला झाकण नाही. उन्हाळ्यात वरून कूलर. कूलर ओली हवा आत ढकलतो, म्हणून समोरची खिडकी उघडी पाहिजे, पण गारवा जाईल म्हणून आपण दारं-खिडक्या गच्च लावून झोपतो आणि सकाळी गाद्या दमट लागल्या की कूलरला शिव्या देतो. मग पावसाळ्यात स्लॅब झिरपायलाच लागतो.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांच्या मातीच्या भिंती ओल प्यायच्या आणि हळूहळू सोडायच्या. पण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात तसलीच दगडमातीची जड घरं माणसांवर पडली, त्यानंतर माळवदाखाली झोपायला कुणाचा जीव धजेल? सिमेंट आलं ते बरोबरच आलं. फक्त त्यावर ऑइल पेंट मारला की भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाटच राहत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडंच असतात. भिंत, पुठ्ठा, गादी, काहीही एक-दोन दिवस ओलं राहिलं की तिथं धरतात. मग नाक चोंदणं, शिंका, डोळे चुरचुरणं, लेकरू रात्रभर खोकू लालंय, दमा असला तर छातीत घरघर. आपण म्हणतो धूळ आहे, हवा बदललीय. आजोळी गेलं की खोकला थांबतो आणि ह्या खोलीत आलं की परत सुरू, असं असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा, नुसतं औषध बदलून मागू नका.

अजून एक भीती काढून टाकू. 2021 ला कोरोनात जी काळी बुरशी गाजली, म्युकरमायकोसिस, ती म्हणजे भिंतीवरचा हा काळा डाग नव्हे. तो आजार मुख्यतः वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड असलेल्या पेशंटला झाला. पण घरात शुगरचं, केमोचं किंवा दम्याचं माणूस असेल तर त्याला ह्या खोलीत झोपवूही नका आणि ही भिंतही घासायला लावू नका.

घासायची तर मास्क लावून, हातमोजे घालून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्यानं. कोरड्या ब्रशनं खरवडलं की सगळं हवेत उडतं. आणि ब्लीचिंग पावडरमध्ये संडासचं अ‍ॅसिड, हा जो जालीम उपाय बायका एकमेकींना सांगतात ना, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

मालक म्हणतो दिवाळीला रंग मारून देतो. रंगाखालची बुरशी पुढच्या पावसात परत वर येते. त्याला म्हणावं रंग राहू दे, आधी वरच्या टाकीचा गळका पाइप आणि स्लॅबची भेग बुजव, भिंत पूर्ण वाळू दे, मग बघू रंगाचं.