पाळीने आलेले अध्यक्षपद आणि संसदेतला प्रश्न

मित्रहो,

२० जानेवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने जिनिव्हात आपला अध्यक्ष निवडला. एरवी ही निवड मतदानाशिवाय, सर्वसंमतीने होत असे. त्या वर्षी अमेरिकेने मतदानाचा आग्रह धरला आणि ५३ सदस्यांपैकी ३३ जणांनी लीबियाला मत दिले, तिघांनी विरोध केला, १७ जण तटस्थ राहिले. गद्दाफींच्या राजवटीच्या राजदूत त्या खुर्चीत बसल्या.

त्याच सुमारास लीबियात काय चालले होते, ते मी आवर्जून सांगतो. त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात जून १९९६ मध्ये कैद्यांचे हत्याकांड झाले होते. मृतांची संख्या सुमारे १२०० सांगितली जाते. ही गोष्ट नातेवाइकांना कळवण्यात आली नाही. कित्येक कुटुंबे पुढे वर्षानुवर्षे लांबचा प्रवास करून तुरुंगाच्या दाराशी अन्न आणि कपडे आणून देत राहिली, पहारेकरी ते ठेवून घेत राहिले, आणि ज्याच्यासाठी ते आणले तो मुलगा किंवा भाऊ केव्हाच मारला गेलेला होता. अशा राज्यकर्त्यांच्या प्रतिनिधीकडे जगभरातील तक्रारींवरच्या चर्चेचे सूत्रसंचालन सोपवले गेले.

हे घडले ते पाळीच्या पद्धतीमुळे. अध्यक्षपद प्रादेशिक गटांमध्ये फिरते. त्या वर्षी आफ्रिकेची पाळी होती आणि आफ्रिकी गटाने लीबियाचे नाव पुढे केले होते. दुसऱ्या गटाच्या निवडीत आपण ढवळाढवळ केली, तर उद्या आपल्या उमेदवाराच्या वेळी तेही तसेच करतील, हा हिशेब प्रत्येक शिष्टमंडळ करते. युरोपीय संघाचे देश तटस्थ राहिले, त्यामागेही मला हाच संकोच दिसतो.

अशा निवडींविरुद्ध अनेक देशांच्या लोकप्रतिनिधींनी वेळोवेळी आवाज उठवला आहे, आणि तो उठवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. परंतु या आक्षेपांतही फरक करावा लागतो. मे २००१ मध्ये अमेरिकेची स्वतःचीच आयोगावरील जागा गेली, तेव्हा तिथल्या प्रतिनिधिगृहाने, ती जागा परत मिळेपर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या थकबाकीतले २४.४ कोटी डॉलर रोखून धरण्याच्या बाजूने मतदान केले. त्या रागात सुदानमधील किंवा लीबियातील कैद्यापेक्षा स्वतःच्या मानापमानाचा वाटा मोठा होता. असा आक्षेप ज्या सरकारवर घेतला जातो त्यालाच सोयीचा ठरतो, कारण ‘हे तर बड्या राष्ट्रांचे राजकारण आहे’ असे सांगून ते मोकळे होते.

आयोगाची विश्वासार्हता इतकी घसरली की २००६ मध्ये तो मोडीत काढून ४७ सदस्यांची मानवी हक्क परिषद स्थापन झाली. सदस्यत्वासाठी आमसभेतील सर्व सदस्य-देशांपैकी निम्म्याहून अधिक मते हवीत आणि गंभीर उल्लंघन करणाऱ्याला दोन तृतीयांश मतांनी निलंबित करता येईल, अशा तरतुदी झाल्या. कागदावर हे उत्तम होते. मात्र जितक्या जागा तितकेच उमेदवार द्यायचे, ही पळवाट गटांनी लगेच शोधली. शिवाय मतदान गुप्त. आपल्या राजदूताने कोणाच्या पारड्यात मत टाकले, हे त्याच्याच देशातील मतदाराला कळत नाही.

या ठिकाणी संसदेचे खरे काम सुरू होते. एप्रिल २०१७ मध्ये महिलांच्या स्थितीविषयक आयोगावर सौदी अरेबिया निवडून आला. मत देणाऱ्या ५४ देशांपैकी ४७ त्याच्या बाजूने होते, आणि स्त्रियांना मोटार चालवण्याची परवानगी त्या देशात तेव्हा मिळालेली नव्हती. बेल्जियमनेही सौदी अरेबियाला मत दिल्याचे उघड झाले. तिथल्या खासदारांनी रियाधला दोष देण्यावर न थांबता स्वतःच्या सरकारला सभागृहात धारेवर धरले. पंतप्रधान शार्ल मिशेल यांना खेद व्यक्त करावा लागला. पुन्हा संधी मिळाली तर असे मत देणार नाही, असेही ते म्हणाले. निकाल बदलला नाही, हे मान्य. मार्च २०२४ मध्ये तर त्याच आयोगाचे अध्यक्षपदही सौदी अरेबियाकडे बिनविरोध गेले. तरीही गुप्त मताचा जाब एका सरकारला उघडपणे द्यावा लागला, याचे मोल मला फार वाटते.

कोणी म्हणेल, निष्कलंक देशच हवेत म्हटले तर सभागृहात कोण उरणार? प्रश्न रास्त आहे. सदस्य म्हणून सगळ्यांनी बसावे, ऐकावे, उत्तरे द्यावीत, हे मला मान्य आहे. अध्यक्षपद ही वेगळी गोष्ट आहे. कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाचे बोलणे थांबवायचे, हे तो माणूस ठरवतो. डिसेंबर २०२२ मध्ये ज्या इराणला महिलांच्या आयोगातून २९ विरुद्ध ८ मतांनी बाहेर काढले, त्याच इराणच्या राजदूताने नोव्हेंबर २०२३ मध्ये मानवी हक्क परिषदेच्या सामाजिक मंचाचे अध्यक्षस्थान भूषवले. त्या वर्षीच्या शांतता नोबेलच्या मानकरी नर्गिस मोहम्मदी तेव्हा तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या.

पुन्हा लीबियाकडे येतो. मे २०१० मध्ये तो नव्या परिषदेवरही निवडून आला, तब्बल १५५ मतांनी. आफ्रिकेच्या जागा चार होत्या आणि उमेदवारही चारच. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, अबू सलीममध्ये मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांच्या वकिलाला अटक झाली, ती कुटुंबे बेनगाझीत रस्त्यावर उतरली, आणि तिथून उठाव पेटला. १ मार्च रोजी आमसभेने लीबियाला परिषदेतून एकमताने निलंबित केले. त्या एकमतात सामील झालेल्या देशांपैकी बहुतेकांनी आदल्या वर्षी लीबियाला मत दिलेले होते. ते कोणी दिले, आणि कशाच्या बदल्यात, हे विचारायला त्यांच्या संसदांना आजही कोणी अडवलेले नाही.