परड्यातली टाकी: आधी खाद्याचा हिशेब, मग माशांचा

मंडळी, ॲक्वापोनिक्सचा, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी वाढवण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: हजार लिटरच्या टाकीत मासे किती सोडायचे? हा हिशेब मागून पुढं करायचा असतो. रोज खाद्य किती ग्रॅम पडणार, ते आधी ठरवा. या खटाटोपात रोज बाहेरून येणारी वस्तू ती एकच. मासे खाद्य खातात, कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, वाफ्यातल्या खडीला चिकटलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते भाजी उचलते आणि पाणी परत टाकीत येतं. वाफ्याला वेगळं शेणखत नाही की युरिया नाही.

पालेभाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य लागतं. वांगी, टोमॅटो लावले तर 50 ते 80. घरच्या परड्यात दोन चौरस मीटर वाफा धरला, तर पालेभाजीसाठी दिवसाला 80 ते 100 ग्रॅम झालं. 300 ग्रॅमचा मासा वजनाच्या साधारण दीड टक्का, म्हणजे साडेचार ग्रॅम खातो. भागून बघा, वीस मासे होतात. हजार लिटरला वीसच म्हटल्यावर चेहरे पडतात, ठाऊक आहे. पण याच हिशेबाची दुसरी बाजू ऐका. 32 टक्के प्रथिनांचं 100 ग्रॅम खाद्य खाल्लं गेलं की सुमारे 3 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. हजार लिटरमध्ये तो लिटरला 3 मिलिग्रॅम, आणि हे एका दिवसाचं. जिवाणू कामाला लागलेले नसतील तर दोन दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात.

म्हणून मासे शेवटी. टाकी, वाफे, पंप जोडून पाणी फिरवायला लागा आणि त्यात 8 ग्रॅम नवसागर घाला. हो, कल्हईवाला वापरतो तोच, रसायनशास्त्रात अमोनियम क्लोराइड. बाजारातल्या खड्यात काय मिसळलंय सांगता येत नाही, तेव्हा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध घ्या. 8 ग्रॅमनं हजार लिटरला अमोनिया-नायट्रोजन साधारण 2 मिलिग्रॅमवर येतो. ओळखीत कुणाचं जुनं मत्स्यालय असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंज आपल्या खडीत पिळा, जिवाणूंचं विरजण लागतं. मग थेंबाच्या चाचणी किटनं दर दोन दिवसांनी तपासा. आधी अमोनिया उतरायला लागतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. अमोनिया संपला की पुन्हा थोडा नवसागर. आज घातलेला उद्या अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींत शून्य दाखवेल, त्या दिवशी टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात, गार पाण्यात जास्त. नळाचं पाणी भरलं असेल तर क्लोरीन जायला एक-दोन दिवस नुसतं हवा मारत ठेवा, नाहीतर ज्यांना वाढवायचंय तेच जिवाणू मरतात.

आपल्या बेळगाव भागात मुहूर्त मेअखेरचा. पाणी कोमट असतं, आणि सहा आठवडे भरतात तोवर जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, मिळायला लागते. सुरुवातीला सायप्रिनस (कॉमन कार्प) घ्या, तो सोशिक आहे. रोहूही चालेल. कटल्याला मोठं पाणी लागतं. चिलापी (तिलापिया) पाळायला मत्स्यखात्याची परवानगी लागते, आणि थाई मांगूर कुणी स्वस्तात देऊ केला तरी नको. त्याच्यावर बंदी आहे.

आता वाफा. खोली 30 सेंटिमीटर, खडी 12 ते 20 मिलिमीटरची, काळ्या दगडाची, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. खानापूरकडचा जांभा फुकट मिळतो म्हणून भरू नका, त्याचा भुगा होऊन पाइप तुंबतात. लोकापूर-बागलकोट पट्ट्यात चुनखडीचा दगड आहे, तो पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढवतो. शंका आली तर खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो दगड परत. आणि वजनाकडं कुणाचं लक्ष नसतं. दोन चौरस मीटर वाफा म्हणजे 600 लिटर खडी, सुमारे 900 किलो. पाणी धरून अकराशेच्या पुढं. चार विटांवर फळी टाकून हे पेलत नाही, आणि गच्चीवर करायचं मनात असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

एक-एक चौरस मीटरचे दोन वाफे करा, प्रत्येकाला एक बेल सायफन, म्हणजे वाफा भरला की पाणी आपोआप ओढून रिकामं करणारी पाइपांची जोडणी. उभा पाइप एक इंची, तळापासून 25 सेंटिमीटर उंच, म्हणजे खडीचा वरचा पाच सेंटिमीटरचा थर कोरडा राहतो आणि शेवाळ धरत नाही. त्याच्यावर अडीच इंची पाइपची टोपी: वर एंड कॅप पक्की बसवलेली, खाली कडेला सेंटिमीटरभर उंचीच्या चार खाचा. त्याच्याभोवती भोकं पाडलेला चार इंची पाइप, खडी आत येऊ नये म्हणून. पंप टाकीतलं पाणी तासाला एकदा फिरवेल असा हवा, पण खोक्यावरचा आकडा उंची शून्य धरून लिहिलेला असतो. सव्वा मीटर चढवायचं तर दोन हजार लिटरचाच घ्या. वाटणी करून प्रत्येक वाफ्याला तासाला 500 लिटर गेलं, की दहा-बारा मिनिटांत वाफा भरतो, सायफन ओढ घेतो, वाफा रिकामा होतो आणि मुळांपर्यंत हवा पोचते.

हे ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दोनपैकी एक होतंच. एक, पाणी उभ्या पाइपातून नुसतं झिरपत राहतं आणि ओढ लागत नाही. येणारी धार कमी आहे, किंवा टोपी कुठंतरी हवा खातेय. पाइपाच्या तोंडावर दीड इंचाचा रिड्यूसर नरसाळ्यासारखा बसवा आणि खाली बाहेरच्या टोकाला एक एल्बो द्या, पाइप भरून वाहायला लागतो. दुसरं, सायफन सुटतच नाही, तळाशी गुरगुरत राहतो. धार जास्त आहे; व्हॉल्व्ह थोडा आवळा. खाचा मोठ्या केल्या तर हवा लवकर शिरते. व्हॉल्व्हची एक चतुर्थांश फेरीसुद्धा पुष्कळ होते, तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन फेऱ्या होईस्तोवर हात लावू नका.

पाण्याचं सांगतो. बोअरचं पाणी बहुधा जड, सामू आठच्या आसपास. 25 अंशांना सामू 7 असताना एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो. 8 ला तो पाच टक्क्यांच्या पुढं जातो. म्हणजे किटमध्ये रंग तोच, पण विष जवळजवळ दहापट. तरी आम्ल ओतायची घाई नको. जिवाणूंचं कामच सामू खाली आणतं. रोजच्या त्या 3 ग्रॅम नायट्रोजनमागं सुमारे 20 ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्च होते. जड पाण्यात हे महिनोन्‌महिने निभतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या धो-धो पावसात टाकी उघडी ठेवली तर पावसाचं मऊ पाणी भरून एका आठवड्यात सामू सहाच्या खाली कोसळतो आणि जिवाणू काम सोडतात. वर पत्रा पाहिजेच, टाकीला सांडपाइपही. सामू साडेसहाच्या खाली गेला की एकदा चमचाभर विरवलेला चुना, पुढच्या खेपेला पोटॅशियम बायकार्बोनेट, तेही पाण्यात कालवून थोडं थोडं.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी. खिळे टाकून काही होत नाही. द्राक्षबागांसाठी चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारं, लोह मिळतं, त्यातलं सहा टक्के लोहाचं ईडीडीएचए प्रकारचं हजार लिटरला 33 ग्रॅम. पाणी लालसर होतं, घाबरू नका.

किडीसाठी मात्र औषधाला हात लावायचा नाही. निपाणी भागात तंबाखूचा काढा फवारायची जुनी सवय आहे. निकोटिन माशांना मारक आहे. साबणाचं पाणीही नको. मावा पाण्याच्या धारेनं झाडा आणि पिवळे चिकट सापळे लावा.

वीज जाणार हे धरूनच चला. इन्व्हर्टरवर पाण्याचा पंप नको, हवेचा छोटा पंप लावा. वीज कमी खातो आणि जीव तोच वाचवतो. वीज नाही तोवर खाद्यही नाही.

खाद्य द्यायचं ते दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं जाळीनं काढा. बोटुकली वजनाच्या पाच टक्के खाते, पण वजनच कमी, त्यामुळं पहिले दोन महिने भाजी जेमतेम असते. तेव्हा अर्धाच वाफा लावा, मेथी-कोथिंबीर-पोकळा. डिसेंबरात सकाळचं पाणी 20 अंशांखाली गेलं की मासे खाणं कमी करतात. खाद्य निम्मं करा आणि द्यायचं ते दुपारी. मग जुनी पानं खालून पिवळी पडतील. तो रोग नव्हे, नायट्रोजन कमी पडतोय. खाद्याच्या मुठी वाढवू नका, चार रोपं उपटा.