बी फुटताना : मुळ्याचं बुरशीरोधक प्रथिन

(दृश्य : काचेच्या बशीत पसरत चाललेली बुरशी. मधोमध मुळ्याचं एक बी.)

बशीतली बुरशी चारी बाजूंनी बियाकडे सरकते आहे. या बियाच्या कवचाला आधीच बारीकसा छेद दिलाय. आता तंतूंची टोकं बघा. बियापासून थोड्या अंतरावर ती थांबतात आणि बियाभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं. कवच शाबूत असलेलं, न रुजलेलं बी ठेवलं, तर असं वर्तुळ होत नाही.

बेल्जियममधल्या लूव्हेनच्या शास्त्रज्ञांनी हे १९९५ मध्ये दाखवलं. त्याआधी, १९९२ मध्ये, त्यांनीच मुळ्याच्या बियांतून दोन बुरशीरोधक प्रथिनं वेगळी केली होती. ही प्रथिनं बियाच्या बाहेरच्या थरांत, पेशीभित्तिकांमध्ये साठवलेली असतात. कवच फाटलं की ती पाझरून भोवतालच्या ओलाव्यात उतरतात. नेमकी हीच वेळ रोपाच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक. रोपवाटिकेत उगवतानाच कोलमडलेली रोपं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : प्रथिनाची त्रिमितीय रचना, हळूहळू फिरताना.)

यातलं दुसरं प्रथिन जरा जवळून पाहू. त्याचं नाव आरएस-एएफपी-२. अवघी ५१ अमिनो आम्लं. त्यांपैकी आठ सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली. या आठांच्या चार जोड्या जमतात आणि साखळी जागोजागी टाके घातल्यासारखी घट्ट बसते. प्रथिनांच्या या कुळाला डिफेन्सिन म्हणतात.

बुरशीच्या पेशीपटलात ग्लुकोसिलसेरामाइड नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. आरएस-एएफपी-२ त्यालाच जाऊन चिकटतं. पोटॅशियम पेशीबाहेर जाऊ लागतं, कॅल्शियम आत शिरतं. बुरशीचा तंतू वाढतो तो टोकाशी, आणि त्या टोकाचा कॅल्शियमचा तोल बिघडला की वाढीची दिशाच हरवते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आखूड, वेडेवाकडे, जागोजागी फाटे फुटलेले तंतू. कँडिडा या किण्वामध्ये, म्हणजे यीस्टसारख्या एकपेशी बुरशीमध्ये, तर पेशीच्या आत घातक ऑक्सिजन-रेणू साचतात आणि पेशी मरते.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती या प्रथिनाची पारख. ग्लुकोसिलसेरामाइड माणसाच्या पेशीतही असतं, सोयाबीनमध्येही असतं. पण बुरशीच्या रेणूची घडण थोडी निराळी. मुळ्याचं प्रथिन तेवढ्या फरकावर बुरशी ओळखतं, आपल्या रेणूला चिकटत नाही. ज्या किण्वांमधून हा पदार्थ जनुकीय बदलाने काढून टाकला, त्यांच्यावर ते निष्प्रभ ठरलं. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये तर तो मुळातच नसतो, त्यामुळे ते सुखरूप राहतं.

(दृश्य : फळमाशी. अंगावर बुरशीचे तंतू.)

१९९४ मध्ये फ्रान्समध्ये फळमाशीच्या शरीरात ड्रोसोमायसिन हे बुरशीरोधक प्रथिन सापडलं. ४४ अमिनो आम्लं, पुन्हा आठ सिस्टीन, आणि रचना मुळ्याच्या प्रथिनाशी मिळतीजुळती! हे प्रथिन बनवायचा आदेश टोल नावाच्या जनुकामार्फत येतो. १९९६ मध्ये स्ट्रासबुर्गच्या प्रयोगशाळेने टोल बिघडलेल्या माश्यांना अस्परजिलस या बुरशीची लागण केली, तेव्हा त्या बुरशीपुढे टिकल्या नाहीत. या कामातूनच पुढे त्या प्रयोगशाळेचे प्रमुख ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं.

(दृश्य : रुग्णालयातला सलाईनचा स्टँड.)

बुरशीची पेशी बऱ्याच बाबतींत आपल्या पेशीसारखी असते, म्हणून तिच्यावरची औषधं मोजकीच. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक अँफोटेरिसिन-बीच्या इंजेक्शनसाठी वणवण फिरले. जीव वाचवणारं हे औषध मूत्रपिंडांना इजाही करतं. म्हणून आपल्या पेशी वगळून बुरशीला गाठणाऱ्या प्रथिनांकडे संशोधक इतक्या आशेने बघतात. अडचण मोठी आहे : कॅल्शियमसारखे क्षार वाढले की अनेक वनस्पती-डिफेन्सिनचा जोर ओसरतो, आणि आपलं रक्त अशा क्षारांनी भरलेलं आहे. तिथेही टिकून काम करेल अशी रचना घडवणं, हे काम अजून बाकी आहे.